कानाने पाहिलेले सामने : शिरूर-दौंड पट्ट्यातल्या समालोचनाची वाटचाल

शिरूर तालुक्यातल्या गावजत्रेत बैलगाडा घाटातून, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरून, सुटतो तेव्हा खरी शर्यत असते ती जेमतेम बारा-तेरा सेकंदांची. निशाण पडतं, पुढे घोडी, मागे चार बैल, धुळीचा लोट, आणि निकाल लागलासुद्धा. पण लोक सकाळपासून दिवे लागेपर्यंत उन्हातान्हात उभे असतात. एका बारीनंतर दुसरी बारी जुंपेपर्यंत वेळ जातो, बैल बुजतात, कुणाचं जू निसटतं, कुणाचं टोकन मागे-पुढे होतं. या सगळ्या रिकाम्या वेळात दहा हजारांची गर्दी जागेवर धरून ठेवणारा माणूस म्हणजे निवेदक. कुठल्या गावच्या गाड्याने मागच्या जत्रेत किती सेकंद घेतले, हा बैल कुणाच्या दावणीचा, त्याची आई कुठल्या बाजारात घेतलेली, हे सगळं त्याला पाठ असतं. या भागात गाडामालकाइतकीच ओळख निवेदकाला आहे. जत्रेच्या पत्रिकेवर त्याचं नाव छापतात, आणि ‘निवेदक कोण आहे’ हे विचारून घाटावर जायचं की नाही ते ठरवणारे गाडाशौकीन मी पाहिले आहेत.

हा आवाज इथे आला कुठून? अर्धा तो इथलाच आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात तमाशाची पंढरी नारायणगाव, कवठे येमाईसारख्या गावांना तमाशाची जुनी परंपरा, गोंधळी आणि शाहिरांचा वावर गावोगाव. न थकता बोलायचं, गर्दीला हसवायचं, मधेच अंगावर काटा आणायचा, हे शिक्षण इथे विद्यापीठाविना मिळत आलं आहे. उरलेला अर्धा आवाज मात्र रेडिओने आणून दिला, आणि त्याची वाटचाल नीट सांगायला हवी. कारण नामांकित समालोचकांची मोहिनी म्हटलं की आपण मुंबई, लंडन, मेलबर्नची नावं घेतो, आणि त्या मोहिनीने घोड आणि भीमेच्या काठावर काय पेरलं ते विसरतो.

मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. 1934 साली मुंबईत चौरंगी सामन्यांच्या वेळी ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे सगळ्यांचे बॉबी, ध्वनिक्षेपकासमोर बसले आणि भारतातलं क्रिकेटचं धावतं वर्णन सुरू झालं. तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत. दुसऱ्याला ध्वनिक्षेपक देणं त्यांना रुचत नसे. ते इंग्रजीत होतं, रेडिओ महाग होता, आणि तो ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. शिरूरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या सधन पेढीवर किंवा दौंडच्या रेल्वे साहेबाच्या बंगल्यातच तो आवाज पोचू शकणार. बाकीच्यांसाठी खेळ म्हणजे डोळ्यांसमोर जो होईल तोच.

डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात, इथून जवळच, भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनचा 452 चा विश्वविक्रम नऊ धावांवर आला असताना पाहुण्या संघाने खेळायला नकार दिला आणि सामना तिथेच संपला. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे. पुण्याला स्वतःचं नभोवाणी केंद्र मिळायला तेव्हा अजून पाच वर्षं होती. ते केंद्र आधी आलं असतं, तर त्या शेवटच्या दिवशी काय घडलं हे मराठी माणसाने मराठी आवाजात ऐकलं असतं, याची हळहळ मला नेहमी वाटते.

पुणे केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1953 रोजी. या केंद्राने खेड्याला धरलं ते मात्र खेळामुळे नव्हे, शेतीमुळे. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत लोक ठरल्या वेळी संचाभोवती जमायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे. समोर न दिसणाऱ्या माणसाचं म्हणणं चारचौघांत बसून ऐकायची सवय या भागात अशी मुरत गेली. पुढे क्रिकेट आलं तेव्हा चावडी तयारच होती.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ भिंतीवरून खांद्यावर आला. चिंचणीच्या घोड धरणाचं पाणी पाटाने फिरू लागलं, तशी पाणी धरायची पाळी रात्री-बेरात्रीही येऊ लागली. बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून दारं मोडणारा शेतकरी हे पुढच्या तीस वर्षांचं या तालुक्यातलं नेहमीचं चित्र झालं. वेस्ट इंडिजमधला सामना असला की आवाज रात्री यायचा, लाटेसारखा मोठा व्हायचा आणि खरखरीत बुडायचा. 1971 मध्ये सुनील गावसकरांनी तिथे एका मालिकेत 774 धावा केल्या, त्यातल्या कितीतरी लोकांनी त्या खरखरीतूनच मोजल्या. मध्यम लहरींवर पुण्याचं केंद्र शिरूरला स्वच्छ लागे. वळवाची वीज कडकडली की मात्र ऐन मोक्याला षटक गिळलं जाई.

आणि या काळात बाळ ज. पंडित आले.

त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी क्रिकेट समालोचनाचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. पंडित पुण्याचे, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, वर विनोदी लेखणीचे. गावसकरांचं ‘सनी डेज’ त्यांनीच मराठीत आणलं. मैदान आतून माहीत असलेला आणि मराठी वाक्याचा कान असलेला असा माणूस एकाच देहात मिळणं दुर्मीळ. मुंबई-पुण्यातल्या सामन्यांचं ते मराठीत वर्णन करू लागले तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न तल्यारखानांच्या प्रश्नापेक्षा कठीण होता. तल्यारखानांच्या श्रोत्याने मैदान पाहिलेलं होतं. पंडितांचा श्रोता न्हावऱ्याच्या किंवा वरवंडच्या पारावर बसलेला, ज्याने आयुष्यात खेळपट्टी पाहिलेली नाही. त्याला स्लिप कुठे असते, गोलंदाज कुठल्या बाजूने येतो, फलंदाज मागे सरकून खेळला म्हणजे काय केलं, हे सगळं आवाजातून उभं करायचं आणि तेही शाळामास्तराचा सूर न लावता.

चांगलं रेडिओ समालोचन कसं बांधलेलं असतं ते पाहण्यासारखं आहे. षटक सुरू होताना आधी क्षेत्ररक्षण लावून घ्यायचं. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय ते सांगायचं. चेंडू पडायच्या क्षणी वाक्य संपलेलं हवं, म्हणजे बॅटचा आवाज श्रोत्याला ऐकू येतो. मग चेंडू कुठे गेला ते आधी, कुणी अडवला ते नंतर, धावा किती त्या शेवटी. दर थोड्या वेळाने धावसंख्या सांगायचीच, कारण गोठ्यातून नुकताच आलेला माणूस पहिलं तेच विचारतो. हे सगळं साधत असताना प्रेक्षकांची गर्जना स्वतःच्या आवाजाने झाकायची नाही. पंडितांच्या पिढीने हे मराठीत करून दाखवलं. 17 सप्टेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. मराठी खेळाच्या भाषेवरचं त्यांचं ऋण अजून कुणी नीट मोजलेलं नाही.

त्यांच्याच काळातले वि. वि. करमरकर. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी मराठी दैनिकाला खेळाचं स्वतंत्र पान म्हणजे काय ते शिकवलं आणि कबड्डी-खोखोला क्रिकेटच्या पंक्तीत बसवलं. समालोचक म्हणूनही त्यांचा आवाज ओळखीचा होता. सामना आज कानाने ऐकायचा आणि पेपर हातात पडला की त्यावर करमरकर काय म्हणतात ते वाचायचं, अशी दोन वेळची शिदोरी खेडोपाडच्या शाळामास्तरांना आणि तालमीतल्या पोरांना मिळत होती. 6 मार्च 2023 रोजी ते गेले.

दौंडची गोष्ट थोडी वेगळी. रेल्वेचं जंक्शन, राज्य राखीव पोलीस दलाचे गट, नाना प्रांतांतून बदलून आलेली माणसं. अशा गावात हिंदी समालोचन परकं वाटलंच नाही. जसदेव सिंग हॉकीचं वर्णन करत तेव्हा वाक्यं लहान-लहान होत जात, चेंडू वर्तुळाकडे सरकला की वेग वाढे, आणि गोल होईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडकून राही. 15 मार्च 1975 रोजी क्वालालंपूरला अजितपाल सिंगांच्या संघाने पाकिस्तानला 2-1 असं हरवून विश्वचषक जिंकला. टीव्ही जवळपास कुणाकडेच नव्हता. देशाने तो विजय कानाने पाहिला. इंदूरच्या सुशील दोशींनी हिंदीत क्रिकेटला असंच घरगुती केलं. त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली आणि इंदूरच्या होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला त्यांचं नाव आहे. त्याच इंदुरात 1977 साली मुंबई आणि एमसीसीच्या सामन्यात सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू समालोचनाला बसल्या. भारतातल्या पहिल्या महिला समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जवळपास अर्धं शतक लोटलं, पण आमच्या घाटावर किंवा आखाड्यावर बाईचा आवाज मला अजून ऐकायला मिळालेला नाही. गावातल्या मुली कुस्ती खेळतात, कबड्डी गाजवतात, तेव्हा ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती का नसावा?

दूरदर्शन मुंबईत 1972 च्या ऑक्टोबरमध्ये आलं, पाठोपाठ पुण्यात दिसू लागलं. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघाने 183 धावा राखून वेस्ट इंडिजला 43 धावांनी हरवलं, तेव्हा गावातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे अख्खी आळी बसली. पण त्याच स्पर्धेतली कपिलची झिंबाब्वेविरुद्धची 175 धावांची खेळी कुणालाच पडद्यावर दिसली नाही, कारण बीबीसीच्या संपामुळे तिचं चित्रण झालं नाही. 1984 च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला, तेव्हा एसटीने गेलेले लोक स्टेडियममध्ये बसूनही कानाला ट्रान्झिस्टर लावून होते. डोळ्यांपुढे सामना चालू असताना समालोचक का लागतो, याचं उत्तर मला इथे सापडतं. आपण पाहिलं ते बरोबर पाहिलं ना, हे जाणत्या माणसाकडून ऐकल्याशिवाय मन भरत नाही. याच मैदानावर 29 फेब्रुवारी 1996 रोजी केनियाने वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळलं, तेव्हा तर ती पडताळणी अनेकांना करून घ्यावी लागली असेल.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नभोलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यामागे होतं 1993 च्या हिरो कपचं प्रक्षेपण. खासगी वाहिन्या आल्या, पैसा आला, कॅमेरे वाढले. मराठीला मात्र या नव्या घरात बरीच वर्षं ओसरीही मिळाली नाही. खेळ इंग्रजीत आणि हिंदीत, आणि मराठी माणूस त्यांचा ग्राहक, असंच ते चाललं.

या पोकळीत गावच्या कर्ण्याने मराठी समालोचन जिवंत ठेवलं, असं माझं ठाम मत आहे. कुस्तीच्या फडात ते सगळ्यांत आधी पिकलं. महाराष्ट्र केसरी 1961 पासून सुरू झाली आणि मैदानं मोठी होत गेली, तसा हलगीच्या जोडीला निवेदक आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोथळीचे शंकर पुजारी यांनी तर कुस्ती निवेदन ही स्वतंत्र विद्या करून दाखवली. मल्लाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, त्याने आजवर मारलेल्या कुस्त्या, हे सगळं ते तोंडपाठ सांगतात आणि घिस्सा, ढाक, एकलंगी हे डाव लागतात कसे तेही उलगडत जातात. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी शिरूरच्या वेशीजवळ, नगर रस्त्यालगतच्या फुलगावात भरली. सिकंदर शेखने शिवराज राक्षेला चीत करून गदा जिंकली. त्या गर्दीत मागच्या रांगांना मल्लांची पाठसुद्धा दिसत नव्हती, त्यांना कुस्ती पोचली ती आवाजातून.

प्रत्येक खेळाचं घड्याळ निराळं आणि त्याप्रमाणे निवेदकाची जीभही निराळी घडते. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये गोष्ट सांगायला सवड असते, विजय मर्चंट विविधभारतीवर बोलत तशी निवांत. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची, तिथे निवेदकाला चढाईपटूइतकाच दम लागतो. कुस्ती कधी अर्ध्या मिनिटात संपते, कधी अर्धा तास खडाखडी चालते, म्हणून वंशावळ आणि किस्से गाठीशी हवेतच. बैलगाड्याचं सगळ्यांत अवघड. शर्यत बारा सेकंदांची, तेव्हा वर्णन करायला वेळच नाही. ‘भिर्रर्र’ म्हणेपर्यंत गाडा वर पोचतो. म्हणून घाटाच्या निवेदकाची खरी कला बारीच्या आधी असते. तो बैलांची नावं अशा चढत्या सुरात घेत जातो की निशाण पडायच्या आधीच गर्दीला घाम फुटतो. मग बारी होते, तो गप्प बसतो, आणि सेकंद जाहीर करण्यापूर्वी मुद्दाम एक श्वास थांबतो. हा थांबा मी जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा मला बाळ पंडितांची पिढी आठवली. चेंडू पडताना गप्प राहायचं हे त्यांनी शिकवलेलं, ते घाटावर कुणी न सांगता उतरलं आहे.

एका निवेदकाची वही मी हातात घेऊन पाहिली आहे. शाळेची दोनशे पानी वही, पुठ्ठ्याला चिकटपट्टी. डाव्या पानावर गावांची यादी, प्रत्येक गावापुढे गाडामालक, बैलांची नावं, रंग, शिंगांची ठेवण, मागच्या जत्रेतले सेकंद. उजव्या पानावर देणग्या आणि इनामं. मधेच एखादा बैल गेल्याची नोंद, तारखेसह. धूळ घशात जाऊ नये म्हणून ध्वनिक्षेपकाला रुमाल गुंडाळलेला, शेजारी गूळ आणि पाण्याची कळशी. एखादं पोर घाटाच्या कडेला उतरलं की त्याचा आवाज क्षणात बदलतो, आणि शर्यतीचं वर्णन सोडून तो ओरडून माणसं मागे हटवतो. घाटावर कितीतरी जीव अशा आवाजाने वाचले आहेत, हे कुठल्याही दप्तरात लिहिलेलं नसतं.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती कायम केली. मधल्या सात-साडेसात वर्षांत घाट ओस पडले. काही निवेदक टेनिस बॉल क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या स्पर्धांकडे वळले, काहींनी लग्नसमारंभांचं सूत्रसंचालन धरलं, काही म्हाताऱ्या निवेदकांचा आवाज पुन्हा घाटावर आलाच नाही. आता शर्यती पुन्हा जोरात आहेत आणि निवेदकाच्या अंगावर नवी जबाबदारी आली आहे. बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, विजेचा धक्का द्यायचा नाही, हे नियम गर्दीच्या गळी उतरवणारा तोच. पंचांच्या कागदाला जे जमत नाही ते त्याच्या एका वाक्याला जमतं. प्रसिद्ध आवाजाचा प्रभाव याहून चांगल्या कामी लागणं अवघड.

याच सुमारास मोठ्या पडद्यावरही मराठीला जागा मिळाली. 2023 च्या आयपीएलमध्ये जिओ सिनेमाने बारा भाषांत समालोचन दिलं, त्यात मराठी होती. पुण्याचा केदार जाधव त्या कक्षात बसून मराठीत बोलत होता आणि स्पर्धेच्या मध्यावर बंगळुरूच्या संघाने त्याला थेट मैदानावर बोलावून घेतलं. कुणाल दातेसारखे आवाज घरोघर पोचले. इकडे घाटाचं प्रक्षेपण यूट्यूबवर थेट होऊ लागलं आणि शिरूरचा निवेदक मुंबईत नोकरी करणाऱ्या गाववाल्याला मोबाइलवर ऐकू येऊ लागला. निवेदकांचे चाहते झाले, मागणी वाढली, मानधन वाढलं. याचा मला आनंद आहे.

पण एक गोष्ट खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. अलीकडे अनेक घाटांवर बैलांच्या नावापेक्षा पुढाऱ्यांची नावं जास्त ऐकू येतात. बारी जुंपलेली असते, बैल फुरफुरत असतात, आणि कर्ण्यातून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चाललेल्या असतात. देणगीदाराचं नाव घ्यावं, त्याचा मान आहेच. मात्र निशाण पडायच्या वेळी आवाज बैलांचाच असला पाहिजे. जुने निवेदक हे पाळत आले. संयोजकांनी नव्यांना ते पाळू द्यावं.

शिरूर-दौंडच्या यात्रा समित्यांना, तालमींना आणि इथल्या महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. साठी-सत्तरी ओलांडलेले निवेदक अजून आपल्यात आहेत. त्यांना बोलावून त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा, त्यांच्या वह्यांच्या प्रती काढा, आणि दर वर्षी निदान चार मुलं-मुली त्यांच्या हाताखाली द्या. आणि तुमच्या माळ्यावर जुन्या मराठी समालोचनाची एखादी कॅसेट पडून असेल, तर ती यंदाच्या पावसाळ्याआधी खाली काढा. फीत ओल धरते, आणि एकदा चिकटली की त्यातला आवाज परत मिळत नाही.